सोन्याच्या गावातील पहिली रात्र

आपल्यापैकी अनेकांची मुले अमेरिकेत आहेत आणि त्यांतील बरीचशी कॅलिफोर्नियाच्या बे एरियात स्थिरावलेली आहेत. उन्हाळा आला की इकडून आई-वडील तिकडे जातात, दोन-चार महिने राहतात. तेथे मोटार चालवता येत नसेल तर घराबाहेर पडणे सर्वस्वी दुसऱ्यावर अवलंबून असते. सोमवार ते शुक्रवार खिडकीतून समोरच्या घराचे गॅरेज पाहण्यात जातात आणि शनिवार उजाडला की मुलगा म्हणतो, "चल आई, दोन दिवस कुठेतरी जाऊन येऊ." हे 'कुठेतरी' पुष्कळदा सिएरा नेवाडा पर्वताच्या पायथ्याशी असलेला जुन्या सोन्याच्या खाणींचा प्रदेश असतो. तीन तासांचा रस्ता, ओक आणि पाइनच्या टेकड्या आणि दीडशे वर्षांहून जुनी, नव्याने सजवलेली हॉटेले. गेल्या जूनमध्ये मी माझ्या 82 वर्षांच्या आईला घेऊन अशाच एका हॉटेलात दोन रात्री राहिले. पहिल्या रात्री आई पडली.

हॉटेलचे किंवा गावाचे नाव देत नाही, कारण चूक हॉटेलची नव्हती. ती माझी होती, आणि मी 28 वर्षे वैद्यकीय व्यवसाय करीत आहे.

हा प्रदेश आईनेच निवडला होता. ती निवृत्त शिक्षिका. इतिहास शिकवण्यात तिची हयात गेली, आणि नातवंडांना घेऊन मोटारीत बसली की तिचा तास सुरू होतो. 24 जानेवारी 1848 रोजी कोलोमा येथे, अमेरिकन नदीच्या काठी, जॉन सटर याच्या लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल याला सोन्याचे कण सापडले. पुढच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख माणसे कॅलिफोर्नियात येऊन थडकली. मोठा लोंढा 1849 मध्ये आला, म्हणून या लोकांना 'फॉर्टी-नाइनर्स' म्हणत, आणि ही गावे जोडणाऱ्या रस्त्याला आज हायवे 49 हा क्रमांक आहे. निसेनान आणि मिवोक या ज्या मूळ लोकांची ही भूमी होती, त्यांची या धामधुमीत वाताहत झाली, हे सांगायला आई विसरली नाही. शाळेतही ती जेत्यांचा इतिहास सांगून झाला की दुसरी बाजू सांगितल्याशिवाय वर्ग सोडत नसे.

तंबूंची आणि लाकडी घरांची ही गावे वारंवार जळत. 1855 मध्ये ग्रास व्हॅली जळाले, 1856 मध्ये नेवाडा सिटी. मग लोक शहाणे झाले आणि जाड विटांच्या किंवा दगडी भिंती व लोखंडी दारे-झडपा असलेल्या इमारती बांधू लागले. आजही ज्यांत मुक्काम करता येतो अशी नेवाडा सिटीचे नॅशनल, ग्रास व्हॅलीचे होलब्रुक, मर्फीज या गावातील जुने हॉटेल, ही सारी 1850 आणि 1860 या दशकांतील आहेत. अलीकडच्या वर्षांत त्यांतील काहींचा मोठ्या खर्चाने जीर्णोद्धार झाला. तळमजल्यावर लांबच लांब लाकडी काउंटरचा बार, वर खोल्या, रस्त्यावर झुकलेला सज्जा, उंच छत, पितळी दिवे. पाहताक्षणी मन प्रसन्न होते.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ही हॉटेले बांधली गेली तेव्हा त्यांत उतरणारा पाहुणा बहुधा पंचविशी-तिशीचा पुरुष असे. पाठीला पाठ लावून निजायला जागा मिळाली तरी धन्यता मानणारा. त्याच्या गुडघ्यांचा विचार करण्याचे कोणाला कारण नव्हते. जिने त्यामुळे चढे आणि अरुंद आहेत. शौचालय मूळचे मजल्याच्या टोकाला किंवा परसात असे. जीर्णोद्धार करताना प्रत्येक खोलीत बाथरूम बसवायची, तर नव्या नळ्या कोठेतरी दडवाव्या लागतात. आमच्या खोलीत त्या जमिनीखाली दडवल्या होत्या, म्हणून बाथरूमची फरशी खोलीपेक्षा चार-पाच इंच वर होती. इमारतीचे वय जपायचे म्हटले की हे आलेच. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा 1990 पासून आहे आणि तो बराच कडक आहे. परंतु ज्या बदलाने वास्तूचे ऐतिहासिक स्वरूपच नष्ट होईल, तेथे त्यातही सवलत आहे. 'हिस्टॉरिक' या गोड शब्दाच्या पोटात लिफ्टचा अभाव, उंच पलंग आणि काठ ओलांडून आत उतरण्याचे न्हाणीचे टब दडलेले असू शकतात.

सकाळची गोळी

आमची खोली वरच्या मजल्यावर होती. जिन्याच्या पायऱ्या अठरा. आई त्या न थांबता चढली, आणि मी मनात समाधान मानले. खोलीत दोन उंच पलंग, गुळगुळीत घासलेली जुनी लाकडी जमीन आणि प्रत्येक पलंगापाशी सुंदर विणलेला छोटा गालिचा. आई पलंगावर बसली तेव्हा तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होते. मी ते पाहिले. "राणीसारखी दिसतेस," असेही म्हणाले. डॉक्टर म्हणून पाहिले असते तर दुसरे काही म्हणाले असते.

संध्याकाळी साडेसातला आम्ही सज्जात जेवलो. तिकडे जूनमध्ये साडेआठपर्यंत उजेड असतो. जेवता जेवता आईने पर्समधून एक गोळी काढून घेतली. मला वाटले, कोलेस्टेरॉलची रात्रीची गोळी असेल.

रात्री एक चाळीसला मला जाग आली ती थंड वारा लागल्यामुळे. पाहते तो आई जमिनीवर, पलंगाला पाठ टेकून, डावा हात उजव्या हातात धरून शांत बसलेली. ती तिसऱ्यांदा लघवीला उठत होती. पलंगावरून खाली सरकताना तिची बोटे गालिच्यावर टेकली, गालिचा लाकडावरून सरकला आणि तोल सावरण्यासाठी तिने हात पुढे केला. "कधी पडलीस?" तर म्हणे, "खाली खुर्च्या आवरत होते तेव्हा." बार एक वाजता बंद होतो, हे सकाळी मॅनेजरने सांगितले. म्हणजे चाळीस मिनिटे माझी आई माझ्यापासून सहा फुटांवर, अंधारात, मोडलेले मनगट धरून बसली होती. हाक का मारली नाहीस, असे विचारल्यावर जे उत्तर मिळाले ते आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरातले आहे: "तू दमलेली होतीस ग. म्हटले, सकाळ तर व्हायचीच आहे."

डोक्याला मार नव्हता, कमरेत दुखत नव्हते, दोन्ही पाय हलत होते, हे तपासूनच मी तिला उठवले. अर्ध्या तासावरच्या मोठ्या गावातील इस्पितळात पहाटे एक्स-रे झाला. मनगटापाशी रेडियस हाडाला भेग होती. हाड जागचे हलले नव्हते. पट्टी बांधून आम्ही नाश्त्याच्या वेळेला परत आलो. तेथील तरुण डॉक्टरने विचारले, "आजी रात्री किती वेळा उठतात?" मी म्हणाले, "भारतातून आल्यापासून तीन-चार वेळा. जेट लॅग आहे." त्याने मान डोलावली. मीही डोलावली. आणि तेवढ्यात माझी नजर आईच्या मनगटी घड्याळाकडे गेली. त्यात संध्याकाळचे पावणेसात वाजले होते.

आईने घड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवले होते. घरी आता दिवेलागण झाली असेल, आता दूधवाला येऊन गेला असेल, हे तिला कळायला हवे असते. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. भारतात सकाळचे आठ वाजतात तेव्हा तेथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात. आई तिची 'सकाळची आठची गोळी' दहा दिवस रोज संध्याकाळी साडेसातला घेत होती. ही रक्तदाबाची गोळी आहे, आणि तिच्यात लघवी वाढवणारे औषधही आहे. असे औषध दोनेक तासांत काम करू लागते, चारेक तासांनी त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि पुढे आणखी काही तास टिकतो. साडेसातला घेतलेली गोळी साडेअकराला ऐन भरात. भावाच्या घरी बाथरूम पलंगापासून चार पावलांवर, सपाट, आणि रात्रभर दिवा असलेली. म्हणून दहा दिवस काही बिघडले नाही आणि आम्ही सर्व दोष जेट लॅगला देत राहिलो.

आईला दोष देऊ नका. "गोळीची वेळ कधीही चुकवायची नाही," असे वर्षानुवर्षे तिला बजावत आलेली डॉक्टर मीच.

औषधे कोणत्या घड्याळाने

परदेशी जाणाऱ्या माझ्या प्रत्येक वृद्ध रुग्णाला आता मी हे कागदावर लिहून देते. रक्तदाबाच्या रोज एकदा घ्यायच्या गोळ्या पोचल्यानंतर तेथील घड्याळाप्रमाणे घ्याव्यात. प्रवासाच्या दिवशी दोन गोळ्यांत काही तासांचे अंतर कमी-जास्त झाले तर बहुतेक वेळा बिघडत नाही. मात्र राहून गेली म्हणून एकदम दोन घेऊ नयेत. लघवी वाढवणारे औषध तेथील सकाळीच. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे, अपस्मार आणि पार्किन्सन यांवरील औषधे यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या वेळा कशा सरकवायच्या हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून तारीख-वार लिहून घ्या. विमानात बसल्यावर हिशेब करू म्हणाल तर तो चुकतो.

कागदावर औषधांची रासायनिक नावे हवीत. आपल्या ब्रँडची नावे तेथे कोणाला कळत नाहीत. आपले पॅरासिटामॉलसुद्धा तेथे ॲसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते. गोळ्या मूळ पाकिटातच आणि हातातल्या पिशवीत ठेवा. घड्याळ भारताच्या वेळेवर ठेवायचे असेल तर जरूर ठेवा, त्यात मायेचा भाग आहे. मात्र गोळ्यांच्या डबीवर 'येथील सकाळ', 'येथील रात्र' अशी चिठ्ठी मोठ्या अक्षरांत चिकटवा.

आणखी एक तपासणी घरच्या घरी करता येते. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजा. मग उभे राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर प्रवासापूर्वी डॉक्टरांना सांगा. अशा माणसाने रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसावे, पाय हलवावेत आणि मगच उभे राहावे. हा प्रदेश जूनपासून कोरडा आणि तापलेला असतो. पारा 35 अंशांच्या वर सहज जातो. घाम अंगावर दिसत नाही, कारण तो लगेच सुकतो. म्हातारपणी तहानही कमी लागते. पाणी दिवसा पुरेसे आणि संध्याकाळनंतर बेताचे घ्यावे.

उंचीचे मात्र भय बाळगू नका. ग्रास व्हॅली, नेवाडा सिटी ही गावे अडीच हजार फुटांच्या आसपास आहेत. आपले महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. तेथूनच पुढे ताहो सरोवराला जायचा बेत असेल तर तो सहा हजार फुटांच्या वर आहे, आणि हृदयाच्या किंवा फुफ्फुसाच्या रुग्णांनी त्याबद्दल विचारून घेतलेले बरे. उन्हाळ्याच्या अखेरीस व शरदात वणव्यांचा धूर असतो, आणि जोराच्या कोरड्या वाऱ्यात वणवे टाळण्यासाठी वीजही बंद करतात. घरात कोणी दम्याचे असेल किंवा झोपेत श्वासाचे यंत्र लावत असेल तर तो काळ सोडून जावे.

उजेड असताना

संगणकावर छायाचित्रे पाहून खोली घेऊ नका; हॉटेलला फोन करायला मुलाला सांगा. तळमजल्यावर खोली आहे का, मोटारीपासून पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती, शॉवर आहे की टब, धरायला दांडी आहे का, पलंग किती उंच, खोली बारच्या डोक्यावर तर नाही ना, इतके विचारले तरी पुरे. हे प्रश्न विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. तिकडे लोक ते रोज विचारतात आणि उत्तरेही सरळ मिळतात. आमच्या हॉटेलात तळमजल्यावर एक खोली रिकामी होती. मी विचारलेच नव्हते.

पोचल्यावर सज्जात चहा घेण्याआधी, उजेड असतानाच, वृद्ध व्यक्तीला घेऊन पलंगापासून बाथरूमपर्यंत दोनदा चाला. तिला स्वतःला दिव्याचे बटण शोधू द्या. गालिचे गुंडाळून कपाटात ठेवा. हॉटेलवाले काही म्हणत नाहीत. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवून दार किलकिले ठेवावे, किंवा आठ-दहा रुपयांच्या चहाच्या जागी त्यापेक्षा थोडे जास्त पैसे खर्चून प्लगमध्ये बसणारा छोटा दिवा भारतातून नेता येत नाही तर तिकडच्या दुकानातून घ्यावा, कारण प्लग वेगळा असतो. पलंगावर बसल्यावर तळपाय पूर्ण जमिनीला टेकायला हवेत आणि गुडघे काटकोनात यायला हवेत. तसे होत नसेल तर खोली बदलून मागा, नाही तर गादी जमिनीवर टाकण्याऐवजी, कारण तेथून उठणे आणखी कठीण, आपण पलंग बदलता येतो का ते पाहा. मोजे घालून लाकडी जमिनीवर चालणे म्हणजे घसरगुंडीच. मागे पट्टा असलेल्या, रबरी तळाच्या चपला उशाशी ठेवाव्यात. आपल्या लोकांना टबापेक्षा बादली-मगाची सवय असते, आणि ओला पाय टबाच्या काठावरून बाहेर काढणे हे 82 व्या वर्षी शिकण्याचे कौशल्य नव्हे. दोन दिवस अंग पुसून घेतले तरी चालते.

आणि घंटा. पूजेतली छोटी घंटी सामानात टाका. सांगायला हसू येते, पण हाक मारायला ज्यांना जड जाते, ते घंटी वाजवतात. आपल्या पिढीतील आई-वडिलांनी 'कोणाला त्रास नको' हे व्रत इतके अंगी मुरवले आहे की जमिनीवर पडलेले असतानाही ते मोडवत नाही. वाचकांपैकी जे स्वतः वृद्ध आहेत त्यांना माझी विनंती आहे: रात्री दोनला उठवल्याने मुलीची तासभर झोप जाते; चाळीस मिनिटे गार जमिनीवर बसल्याचे कळल्याने मात्र तिची पुढच्या कित्येक रात्रींची झोप जाते.

कोणी पडलेच तर काखेत हात घालून लगेच ओढून उठवू नका. डोके आपटले का, कंबर किंवा जांघ दुखते का, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो का, ते आधी पाहा. तसे असेल तर हलवू नका आणि 911 ला फोन करा. रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल, तर तो ठीक बोलत असला तरी त्याच रात्री इस्पितळ गाठावे. काही दुखत नसेल तर त्याला कुशीवर वळवून, गुडघ्यांवर आणून, समोर भक्कम खुर्ची ठेवून तिच्या आधाराने स्वतःच्या बळाने उठू द्यावे. प्रवासी विमा काढलेला होता म्हणून आम्हाला खर्चाचा घोर पडला नाही. विमा घेताना जुन्या आजारांविषयीच्या अटी मात्र नीट वाचा. अपघाताला लागू असलेले नियम मधुमेहाला किंवा हृदयविकाराला लागू असतीलच असे नाही. आणखी असे, की उभ्याउभ्या पडून मनगट मोडणे हे वयस्क स्त्रीत हाडे ठिसूळ झाल्याचे लक्षण असते. परत आल्यावर आईची हाडांच्या घनतेची तपासणी केली, ती मी दहा वर्षांपूर्वीच करायला हवी होती.

खाणीच्या तोंडाशी

इस्पितळातून परतल्यावर भावाने सामान मोटारीत भरायला घेतले. भारतातून दोन मावश्यांचे फोन येऊन गेले होते. "या वयात तिला कशाला फिरवता?" भाऊही तेच म्हणाला. आई काही बोलली नाही. अंडे आणि टोस्ट एका हाताने खाऊन झाल्यावर तिने विचारले, "खाण किती वाजता उघडते?"

मी तिच्या बाजूने उभी राहिले, आणि केवळ ती आई म्हणून नव्हे. पडण्याचे कारण प्रवास नव्हता. चुकीच्या वेळची गोळी, उंच पलंग, गालिचा आणि अंधार ही कारणे होती, आणि चारही दूर करता येण्याजोगी होती. उलट परदेशात घरात बसून राहिलेल्या वृद्धांच्या मांड्यांचे स्नायू किती झपाट्याने उतरतात हे मी परत आलेल्या रुग्णांत दरवर्षी पाहते. जाताना जिना चढणारे आजोबा येताना विमानतळावर चाकांच्या खुर्चीतून येतात, आणि मध्ये कोणताही आजार झालेला नसतो. पडण्याच्या भीतीने बसवून ठेवलेला माणूस पुढे अधिक सहज पडतो.

आम्ही ग्रास व्हॅलीची एम्पायर खाण पाहिली. 1850 ते 1956 अशी शंभरहून अधिक वर्षे ती चालली. सुमारे 58 लाख औंस सोने निघाले आणि 367 मैलांची भुयारे खणली गेली. आज ते राज्याचे ऐतिहासिक उद्यान आहे. वाटा बऱ्याचशा सपाट, बागेत बसायला जागा आणि भुयारांचा एक छोटा नमुना, जो पाहताना आई अर्धा तास खुर्चीवरून हलली नाही. खोल खाणीतले पाणी उपसण्याची विद्या इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील खाणकामगारांना अवगत होती, म्हणून ते येथे मोठ्या संख्येने आले. आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींतही हेच कॉर्निश लोक आले होते. डब्यात नेण्याची त्यांची भरलेली करंजी, पेस्टी, ग्रास व्हॅलीत अजून मिळते. ती बहुधा गोमांसाची असते. शाकाहारी मंडळींनी भाज्यांची आहे का ते विचारावे.

माझे लक्ष मात्र खडक फोडण्याच्या यंत्रांकडे गेले. पाण्याचा फवारा नसलेल्या सुरुवातीच्या ड्रिलना कामगार 'विधवा करणारे यंत्र' म्हणत. कोरडी दगडी धूळ वर्षानुवर्षे छातीत जाऊन फुफ्फुसे दगडासारखी होतात. सिलिकोसिस हा तो रोग. त्याला अजूनही उलटवणारे औषध नाही, आणि आपल्या दगडखाणींत व खडी फोडण्याच्या यंत्रांवर तो आजही होतो. सोन्याचा दुसरा वारसा नद्यांत आहे. वाळूतले सोन्याचे कण पकडण्यासाठी पारा वापरत. त्यातील पुष्कळसा वाहून गेला आणि तेथील तलावांच्या गाळात अद्याप आहे. तो माशांत उतरतो. नातवाने गळ टाकून मासा धरला आणि कोकणी आजीच्या हाती तिखट-मिठाला दिला, तर आधी त्या तलावाचे कोणते मासे किती खावेत याची सरकारी सूचना पाहावी. मोठ्या, शिकारी माशांत पारा जास्त असतो. गर्भवती सून आणि लहान मुले यांच्या बाबतीत तर नक्कीच पाहावी.

दुसऱ्या रात्री मॅनेजरने आम्हाला तळमजल्यावरची खोली दिली. स्वयंपाकघरामागची, खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसणारी, पण पलंग बुटका आणि बाथरूम सपाट. आईला ती अजिबात आवडली नाही. संध्याकाळचा चहा सज्जातच घ्यायचा, असा तिने हट्ट धरला. चढताना कठडा उजव्या हाताला होता, म्हणून चांगल्या हाताने तो धरून ती चढली, आणि मी नियमाप्रमाणे तिच्या एक पायरी मागे. चहा झाला. उतरायला गेलो तेव्हा लक्षात आले, की आता कठडा डाव्या हाताला आहे आणि डावा हात पट्टीत. मग तिला कठड्याकडे तोंड करून आडवे उभे केले. उजव्या हाताने कठडा धरून, एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, अशी ती उतरू लागली. मी एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून. प्रत्येक पायरीला ती मोठ्याने अंक म्हणत होती. बारमधील दोन-चार माणसे ग्लास खाली ठेवून पाहत होती.

खाली पाय टेकल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "एकोणीस आहेत. तू अठरा म्हणाली होतीस."